त्वचेवरील स्नेह आणि प्रारणाची मोजदाद

चार ग्रे एवढी गॅमा-प्रारणाची मात्रा एखाद्या मनुष्याच्या सर्वांगाला एकदम मिळाली आणि त्यास वेळीच वैद्यकीय साहाय्य लाभले नाही, तर अशा माणसांपैकी जवळजवळ निम्मी दोन महिन्यांच्या आत दगावतात. आणि तरीही त्या प्राणघातक मात्रेतील सगळी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने मोजू गेल्यास तिने शरीराचे तापमान एका अंशाच्या जेमतेम सहस्रांशाइतके वाढेल, इतकी ती अल्प असते. एक ग्रे म्हणजे शरीराच्या एका किलोग्रॅम वस्तुमानात शोषली गेलेली एक ज्यूल ऊर्जा. एवढ्याशा ऊर्जेने मनुष्य मरतो तो तिच्या परिमाणामुळे नव्हे, तर ती पेशीच्या अंतर्भागात, गुणसूत्रांच्या नाजूक साखळीवर जाऊन आदळते म्हणून. आघाताच्या क्षणी डोळ्याला काही दिसत नाही, त्वचेला ऊब जाणवत नाही, आणि बाहेरून आलेले गॅमा-किरण शरीरातून पार निघून गेल्यावर मागे कोणतेही किरणोत्सर्गी द्रव्य उरत नाही, त्यामुळे गायगर-यंत्र त्या माणसाच्या अंगावरून कितीही वेळा फिरवले तरी ते मूकच राहते. या माणसाला किती मात्रा मिळाली, या प्रश्नाचे उत्तर यंत्राकडे नसते, ते त्याच्या देहातूनच शोधून काढावे लागते.

एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भागातील भंगार-बाजारात हा प्रश्न आपल्या देशापुढे प्रत्यक्ष उभा राहिला. दिल्ली विद्यापीठातील एक गॅमा-किरण उपकरण, जे १९८५ पासून वापरात नव्हते, ते लिलावात निघाले, भंगारवाल्यांच्या हातून फोडले गेले, आणि त्यातील कोबाल्ट-६० उघडे पडले. सात जणांना गंभीर इजा झाली आणि त्यांपैकी एकाचा मृत्यू झाला. त्यापूर्वी, सप्टेंबर १९८७ मध्ये, ब्राझील देशातील गोइयानिया शहरात एका ओस पडलेल्या दवाखान्यातून किरणोपचाराच्या यंत्रातील सीझियम-१३७ चोरीस गेले, त्याची चमकती निळी पूड घरोघर वाटली गेली, आणि चार माणसे दगावली; परंतु त्या दुर्घटनेतील सर्वांत बोलका आकडा मृतांचा नाही. एक लाख बारा हजारांहून अधिक नागरिक शहरातील क्रीडांगणावर रांगेत उभे राहून तपासणी करवून गेले, आणि त्यांपैकी केवळ २४९ जणांच्या ठायी दूषण आढळले. ज्यांना काहीही झालेले नाही अशा लाख माणसांना निर्धास्त घरी पाठवणे, आणि ज्यांना उपचार हवेत अशा शेकडो जणांना त्या गर्दीतून वेळेवर निवडून काढणे, हे काम अशा प्रसंगी शासनाच्या पदरी पडते. तिथे प्रश्न दूषणाचा होता, म्हणून यंत्राने निवाडा करता आला. तीच माणसे निव्वळ गॅमा-किरणांच्या मार्गात सापडली असती, तर तेवढ्या रांगेचा निवाडा कोणत्या साधनाने झाला असता, हा विचार अस्वस्थ करणारा आहे.

आज या कामी सर्वांत विश्वासार्ह मानली जाते ती रक्तातील गुणसूत्रांची परीक्षा. प्रारणाने तुटलेली दोन गुणसूत्रे चुकीच्या टोकांनी एकमेकांस जुळली, म्हणजे दोन मध्यबिंदू असलेले विकृत गुणसूत्र तयार होते; निरोगी माणसाच्या सुमारे हजार लसिकापेशींत असे एखादेच सापडते, आणि मात्रेबरोबर त्यांची संख्या नियमाने वाढत जाते. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ही विद्या दीर्घ काळ जोपासली गेलेली आहे. परंतु रक्त काढल्यावर पेशी सुमारे ४८ तास वाढवाव्या लागतात, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी निरखावी लागते, आणि हे काम जाणणारे डोळे देशात मोजकेच आहेत. उलटी किती वेळाने झाली, लसिकापेशींची संख्या किती वेगाने घटली, यावरून वैद्य तातडीचा अंदाज बांधतात. दाताच्या एनॅमलमध्ये प्रारणाचा ठसा वर्षानुवर्षे टिकतो, पण त्यासाठी दात हवा. म्हणून गेल्या दोन दशकांत शास्त्रज्ञांचे लक्ष मूत्र, लाळ, रक्तद्रव यांतील रासायनिक पदार्थांकडे वळले. आतड्याच्या अस्तराला इजा झाली की रक्तातील सिट्रुलीन घटते. लालाग्रंथींना इजा झाली की रक्तातील अमायलेज वाढते. अशाच शोधात कोणाच्या तरी मनात आले की रक्त काढण्यासाठी सुई हवी आणि ती टोचणारा प्रशिक्षित हात हवा, तर त्वचेवर आपोआप पाझरणाऱ्या तेलाला हाच प्रश्न विचारून का पाहू नये.

हा विचार वरवर पाहता नवा वाटला, तरी इतिहासाच्या दृष्टीने पाहिल्यास प्रारणाचे पहिले मापनयंत्र त्वचा हेच होते. १८९५ मध्ये रॉन्टगेनने क्ष-किरण शोधले आणि लगोलग वैद्यांनी त्यांचा उपयोग सुरू केला. परंतु मात्रा मोजण्याचे सर्वमान्य एकक मात्र १९२८ च्या स्टॉकहोम परिषदेपर्यंत ठरलेले नव्हते. मधल्या तीन दशकांत वैद्य रुग्णाची त्वचा लाल होईल एवढ्या मात्रेला माप मानून उपचार करीत. हेन्री बेकेरेलने रेडियमची नळी खिशात बाळगली आणि त्याखालच्या त्वचेवर व्रण उठला, तेव्हा किरणांचा देहावरील परिणाम त्यास स्वतःच्या अंगावर वाचावा लागला. ते माप ओबडधोबड होते आणि त्यात अनेक रुग्णांची व वैद्यांचीही हानी झाली. परंतु त्वचा प्रारणाची दखल घेते, हे त्यातून निर्विवाद सिद्ध झाले.

आता त्या तेलाकडे येऊ. वैद्यकात त्यास सेबम म्हणतात. आपण त्यास त्वक्स्नेह म्हणू. तळहात आणि तळपाय वगळता सर्वांगावर, आणि कपाळ, नाक, टाळू व पाठीचा वरचा भाग यांवर विशेष दाटीने, केसांच्या मुळांशी लगटून तैलग्रंथी असतात. या ग्रंथींची कार्यपद्धती विलक्षण आहे. इतर ग्रंथी द्रव तयार करून बाहेर सोडतात आणि त्यांच्या पेशी शाबूत राहतात. तैलग्रंथीत मात्र पेशी स्वतःच तेलाने भरत जाते, फुगत फुगत ग्रंथीच्या मध्याकडे सरकते, आणि अखेर फुटून आपल्या सर्व ऐवजासह स्राव होऊन बाहेर पडते. ग्रंथीच्या काठाशी मूळ पेशी अखंड विभाजत राहतात म्हणून हा प्रवाह थांबत नाही. पेशीच्या जन्मापासून तिच्या विसर्जनापर्यंत सुमारे दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणजे आज कपाळावर जमलेला स्नेह पंधरवड्यापूर्वीच्या ग्रंथीची कैफियत सांगतो, आणि प्रारणाच्या दृष्टीने ही फार मोलाची गोष्ट आहे; कारण रक्तातील पुष्कळशी चिन्हे दोन-चार दिवसांत पुसली जातात, आणि दुर्घटना बहुधा उशिराच लक्षात येते. गोइयानियात यंत्रभाग फोडल्यापासून संकटाची ओळख पटेपर्यंत दोन आठवड्यांहून अधिक काळ गेला होता.

त्वक्स्नेहात ट्रायग्लिसराइड आणि त्यांच्यापासून सुटलेली मेदाम्ले यांचा वाटा निम्म्याहून अधिक असतो; सुमारे चतुर्थांश मेणजातीचे एस्टर असतात; सुमारे अष्टमांश स्क्वालीन नावाचे, सहा द्विबंध असलेले हायड्रोकार्बन असते; आणि थोडे कोलेस्टेरॉल. स्क्वालीन आणि सॅपिएनिक आम्ल ही दोन द्रव्ये या स्वरूपात व या प्रमाणात मानवाच्या त्वचेवर आढळतात, बहुतेक सस्तन प्राण्यांच्या त्वचेवर नाही. प्रारणाने या मिश्रणात फरक पडावा अशी अपेक्षा तीन कारणांनी करता येते. पहिले, प्रारण पाण्याच्या रेणूंना फोडून तीव्र क्रियाशील मुक्तमूलके निर्माण करते, आणि ती द्विबंधांवर तुटून पडतात. म्हणून आधीच तयार असलेल्या स्नेहाचे ऑक्सिडीकरण होऊ शकते. दुसरे, झपाट्याने विभाजणाऱ्या पेशी प्रारणास अधिक बळी पडतात, आणि तैलग्रंथीच्या काठावरील पेशी तशाच आहेत. म्हणून काही आठवड्यांनी स्रावच आटावा. हे केवळ अनुमान नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तारुण्यपीटिकांवर क्ष-किरणांचा उपचार करीत असत, तो तैलग्रंथी त्यामुळे संकोच पावतात याच आधारावर. पुढे अशा रुग्णांत कर्करोगाचा धोका वाढल्याचे दिसल्याने तो उपचार, योग्य रीतीने, टाकला गेला. किरणोपचार घेतलेल्या भागाची त्वचा कोरडी पडते, हेही प्रत्येक कर्करोग-रुग्णालयास ठाऊक आहे. तिसरे, प्रारणाने यकृताचा, संप्रेरकांचा आणि दाहाचा सर्वांगव्यापी क्षोभ होतो, आणि स्नेहनिर्मिती या सर्वांच्या अधीन आहे.

अपेक्षा इतकी सयुक्तिक असताना प्रयोगाचा निकाल मात्र प्रतिकूल निघाला. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील संशोधकांनी ३ ग्रे गॅमा-प्रारण दिलेल्या प्रयोगशाळेतील मोठ्या उंदरांच्या त्वक्स्नेहाचे पृथक्करण करून २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो असा की स्रावाच्या निर्मितीत किंवा घटनेत प्रारणाने फरक पडत नाही. असा नकारात्मक निकाल प्रामाणिकपणे छापला जाणे ही शास्त्राची मोठी सेवा आहे, आणि त्या शोधनिबंधाविषयी मला आदर वाटतो. परंतु त्याचा अर्थ लावताना त्याची मर्यादा सोडू नये. एक प्राणिजाती आणि एक मात्रा यांविषयीचा तो पुरावा आहे. उंदराच्या स्नेहात मानवासारखे विपुल स्क्वालीन नसते, त्यामुळे जे द्रव्य प्रारणाच्या तडाख्यात प्रथम सापडावे, तेच तिथे अल्प होते. या विद्येचे पुढचे पाऊल प्राण्यावर नव्हे, मनुष्यावर पडले पाहिजे. आणि प्रारणाची नेमकी मात्रा ज्ञात असलेली निरपराध माणसे जगात एकाच ठिकाणी नियमाने भेटतात, ती म्हणजे किरणोपचाराच्या खोलीत.

इथे धाराशिव जिल्ह्याचा संबंध येतो. हा जिल्हा, ज्याचे नाव २०२३ पर्यंत उस्मानाबाद होते, अणुशक्तीच्या नकाशावर कुठेही नाही. त्याच्या हद्दीत अणुभट्टी नाही. परंतु कर्करोगाच्या जागतिक शास्त्रात हे जुने नाव जितके परिचित आहे, तितके महाराष्ट्रातील क्वचितच एखाद्या ग्रामीण जिल्ह्याचे असेल. १९८७ मध्ये शेजारच्या बार्शीत देशातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदवही सुरू झाली, आणि तिच्या क्षेत्रात सोलापूर जिल्ह्यातील बार्शीबरोबर या जिल्ह्यातील परांडा व भूम हे दोन तालुके घेतले गेले. शहरातील नोंदवही रुग्णालयांच्या दप्तरावर चालते. इथे रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसत, म्हणून नोंद करणाऱ्या माणसांना गावोगाव फिरून, चावडीवर बसून, बायाबापड्यांना लक्षणे समजावून, प्रसंगी त्यांना दवाखान्यात आणून मग लेखणी उचलावी लागली. कस्तुरी जयंत आणि भगवान नेने यांच्यासारख्यांनी चालवलेल्या या कामाचे फळ १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दिसते: केवळ जाणीव वाढल्याने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान अधिक लवकरच्या अवस्थेत होऊ लागले होते.

त्याच पायावर ऑक्टोबर १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात एक अजस्र प्रयोग उभा राहिला. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून जिल्ह्यातील गावांचे ५२ समूह केले, आणि ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची चार गटांत विभागणी केली. एका गटात मानवी पॅपिलोमा विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची तपासणी, तिसऱ्यात व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी, आणि चौथा गट नेहमीच्या सोयींवर सोडलेला. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ मध्ये निकाल आला. विषाणू-चाचणीच्या गटात या रोगाने ३४ स्त्रिया दगावल्या होत्या, आणि तपासणी न झालेल्या, संख्येने किंचित लहान अशा गटात ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, आणि जगभरच्या आरोग्यधोरणांत या आकड्यांचा आधार घेतला गेला. चौथ्या गटास तपासणीविना ठेवणे उचित होते काय, याविषयी पुढे तीव्र वाद झाला, आणि तो होणे रास्तच होते. या स्त्रियांच्या देहांवर उभ्या राहिलेल्या ज्ञानाविषयी बोलताना तो वाद झाकून ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही.

या प्रयोगाचा माझ्या विषयाशी संबंध असा की, शरीरातून घेतलेला एक साधा नमुना, कोणा गावच्या शाळेत किंवा आरोग्य-उपकेंद्रात भरवलेल्या शिबिरात, स्त्रीच्या संमतीने घेऊन, नाव-गाव-वय यांची बिनचूक नोंद करून, प्रयोगशाळेपर्यंत शाबूत पोहोचवता येतो, आणि त्याच स्त्रीची वर्षानुवर्षे रुजवात घेता येते, हे या जिल्ह्याने सिद्ध केलेले आहे. त्वक्स्नेहाची परीक्षा तर याहूनही सोपी. ती कापसाच्या बोळ्याने होते. एके काळी त्वचाशास्त्रज्ञ कपाळावर सिगारेटचा पातळ कागद दाबून स्नेह टिपीत असत. मँचेस्टर विद्यापीठात पेर्डिटा बॅरन यांच्या गटाने पाठीवरून घेतलेल्या अशा बोळ्यांतून कंपवाताची रासायनिक चिन्हे शोधली, आणि त्या शोधाची सुरुवात जॉय मिल्न नावाच्या निवृत्त परिचारिकेला आपल्या पतीच्या अंगचा वास बदलल्याचे जाणवण्यापासून झाली होती. करोनाच्या साथीत सरे विद्यापीठातील संशोधकांनाही रुग्णांच्या त्वक्स्नेहातील मेदांत फरक आढळला. म्हणजे साधन आहे, पद्धत आहे. प्रश्न आहे तो प्रमाणाचा: कोणाच्या कपाळावरचा स्नेह ‘सामान्य’ म्हणून धरायचा.

परक्या देशातील विद्यार्थी-स्वयंसेवकांच्या त्वचेवरून बनवलेला सामान्यांक परांड्याच्या शेतमजूर बाईला लावणे हे अशास्त्रीय तर आहेच, शिवाय अन्यायाचेही आहे. तिचा दिवस उन्हात जातो, आणि सूर्यप्रकाशाने स्क्वालीनचे ऑक्सिडीकरण प्रारणाविनाही होते. ती चुलीच्या धुरात स्वयंपाक करते, कदाचित मशेरी लावते, आणि धूरही तेच करतो. तिच्या डोक्याला खोबरेल किंवा घाण्याचे करडईचे तेल असते. करडईच्या तेलात लिनोलिइक आम्लाचा वाटा सुमारे तीन-चतुर्थांश असतो, आणि केसांतून कपाळावर ओघळलेला त्याचा अंश पृथक्करणात ग्रंथीचाच ऐवज म्हणून मोजला जाईल. आणि ज्या जागी बोळा फिरवायचा, तिथेच जुन्या वळणाच्या बाया आधी मेण लावून त्यावर कुंकू रेखतात. मेण म्हणजे तर मेणजातीचे एस्टरच. सुदैवाने मधमाशीच्या मेणातील एस्टरांची कार्बन-साखळी बहुधा चाळीस वा त्याहून अधिक अणूंची, तर मानवी त्वचेवरील एस्टरांची त्याहून आखूड असते, त्यामुळे वस्तुमान-वर्णपटमापक ही तफावत ओळखू शकतो. परंतु ती शोधायला हवी हे त्या यंत्रापुढे बसलेल्या माणसास आधी माहीत असावे लागते. तुळजापूरच्या वाटेवर हळदकुंकवाच्या राशी पाहिलेल्या माणसाला ते सांगावे लागणार नाही; बर्न किंवा मँचेस्टरमधल्या संशोधकाला ते सुचण्याचे कारण नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की त्वक्स्नेह प्रारणाची साक्ष देतो की नाही, याचा निर्णय अशाच जिल्ह्यात व्हावा. इथल्या गावांतून कर्करोगाच्या रुग्ण स्त्रिया बार्शीला किंवा त्याहून दूर किरणोपचारासाठी जातात. लोक त्यास ‘शेक घेणे’ म्हणतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ओटीपोटावर बाहेरून सुमारे ४५ ते ५० ग्रे मात्रा, दररोज दोन ग्रेच्या आसपास, पाच आठवड्यांत विभागून दिली जाते. प्रत्येक दिवसाची मात्रा नोंदलेली, जागा आखलेली. ओटीपोटाच्या त्वचेवरील बोळा प्रत्यक्ष प्रारणाचा परिणाम सांगेल, आणि त्याच बाईच्या कपाळावरील बोळा, जिथे प्रारण जवळजवळ पोहोचतच नाही, तिथवर सर्वांगव्यापी क्षोभाचा काही पडसाद उमटतो काय ते सांगेल. या दोहोंतील फरक हाच खरा पुरावा होईल. कपाळात काही बदल दिसला नाही, तर अंगाच्या एकाच भागावर पडलेले प्रारण कपाळावरून ओळखता येत नाही एवढे निश्चित होईल, आणि मायापुरीसारख्या प्रसंगी, जिथे प्रारण बहुधा हातांवर, मांडीवर, कमरेवर असमान पडते, तिथे बोळा अंगावर अनेक जागी फिरवावा लागेल हे कळेल. सर्वांगाला सारखीच मात्रा मिळणारे रुग्ण अस्थिमज्जा-रोपणापूर्वी मोठ्या शहरांतील रुग्णालयांत भेटतात. कपाळाच्या साक्षीची खरी कसोटी त्यांच्यावर लागेल.

यासाठी खर्चाची बाब अवघड नाही. नमुने अतिशीत पेटीत साठवणे आणि वीज गेली तरी ती पेटी चालू ठेवणे, एवढीच काय ती अडचण. अवघड आहे ती वेळेची शिस्त. शेक सुरू होण्याच्या आदल्या दिवशी बोळा घ्यायचा, मग पहिल्या आठवड्यात, तिसऱ्यात, पाचव्यात, आणि उपचारानंतर तीन महिन्यांनी बाई गावी परतलेली असताना. त्या प्रत्येक वेळी डोक्याला कोणते तेल आहे, कपाळी मेण आहे की टिकली, गेल्या आठवड्यात काम उन्हात होते की घरात, याची नोंद केसपेपरवर करायची. मुंबईची किंवा परदेशातील प्रयोगशाळा यांतले काहीही नंतर भरून काढू शकत नाही. विशेषतः तो आदल्या दिवशीचा बोळा. कारण दवाखान्यात पोहोचलेली बाई आजाराने आणि काळजीने आधीच खचलेली असते, नातेवाईक उपचार लवकर सुरू व्हावा म्हणून घाईत असतात, आणि संमती मागून, समजावून, तिच्या प्रश्नांना उत्तरे देऊन बोळा फिरवायला त्या गर्दीत जो अर्धा तास लागेल, तो देणारा माणूस नेमलेला नसेल, तर पुढे घेतलेल्या सर्व नमुन्यांची तुलना करायला तिच्याजवळचे तिचे स्वतःचे मूळ माप उरत नाही.